गुत्तीचा निळा कोळी

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईहून चेन्नईला रेल्वेने जाताना आंध्र प्रदेशात, गुंटकलच्या पुढे गुत्ती नावाचं स्टेशन लागतं. सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत एक कोळी सापडला. साधासुधा नव्हे, निळाशार! ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १८९९ साली त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं पीसिलोथेरिया मेटॅलिका.

त्यानंतर तो जो दिसेनासा झाला, तो थेट २००१ सालापर्यंत. शंभराहून जास्त वर्षं! आणि पुन्हा सापडला तो गुत्तीत नाहीच. तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर, पूर्व घाटात, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलात. म्हणजे तो पहिला कोळी बहुधा लाकडाच्या ओंडक्यांत बसून मालगाडीने गुत्तीला उतरला असावा. नाव मात्र गुत्तीचंच चिकटलं.

मला सगळ्यात मोह पडतो तो त्याच्या रंगाचा. पूर्ण वाढलेल्या मादीने पाय पसरले, तर आपला तळहात झाकला जाईल. पायांवर गडद निळा रंग, सांध्यांपाशी पिवळे ठिपके, पाठीवर पांढरी-राखाडी नक्षी. पण हा निळा म्हणजे रंगद्रव्य नाही. अंगावरच्या केसांची अतिसूक्ष्म रचनाच अशी असते की प्रकाशातला निळा तेवढा परत फिरतो. मोरपिसाचा निळाही रचनेतूनच येतो. पण मोरपीस तिरकं धरलं की रंग पालटतो, हिचा निळा फारसा हलत नाही.

हिला राहायला जुनं झाड लागतं, पोकळ झालेलं. त्या ढोलीत ती जाळं विणते, दिवसभर आत दडून राहते आणि रात्री तोंडाशी येऊन किड्यांची वाट बघते. चाहूल लागली की क्षणात आत. चावा वेदनादायक असतो, पण तिचा पहिला विचार पळण्याचाच. नर तीन-चार वर्षं जगतो, मादी अकरा-बारा.

आता काळजीची गोष्ट. या जातीचं ज्ञात क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरहूनही कमी आहे, आणि तिथेही सरपण आणि इमारती लाकडासाठी झाडं तुटतात. २००८ साली तिची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. शिवाय इतका देखणा कोळी घरात पाळायची हौस असणारे जगभर आहेत. त्यामुळे २०१९ साली पीसिलोथेरिया या वंशातल्या सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, नियमांखाली आला. मला ते फार गरजेचं वाटतं.

पण करार सीमेवरच्या खोक्यावर नजर ठेवतो. ढोली पडलेलं जुनं झाड सरपणाला न्यायचं की उभं ठेवायचं, हे त्या जंगलातच ठरतं. आणि तशी ढोली तयार व्हायला झाडाचं वय व्हावं लागतं. आज लावलेलं रोप तिला आज घर देऊ शकत नाही.