तुकड्यातुकड्यांनी हरवलेला रस्ता

नमस्कार, श्रोतेहो.

किल्ल्याचा बुरूज ढासळला की त्याची बातमी होते, चार माणसं हळहळतात. जुना रस्ता उखडला तर कुणाला काही वाटत नाही. आज मी तुम्हाला अशाच एका रस्त्याची हकिकत सांगणार आहे. तो आपल्याकडचा नाही. न्यूयॉर्क शहरापासून पूर्वेकडे समुद्रात लांबवर गेलेलं लाँग आयलंड नावाचं बेट आहे, तिथला हा लाँग आयलंड मोटर पार्कवे. निव्वळ मोटारींसाठी आखून बांधलेल्या जगातल्या अगदी पहिल्या रस्त्यांपैकी एक.

बांधणारा होता विल्यम किसम व्हँडरबिल्ट, रेल्वेच्या धंद्यातून गडगंज झालेल्या घराण्यातला तरुण. त्याला वेगाचं वेड होतं. १९०४ साली फ्लोरिडाच्या वाळूवर त्यानं ताशी ९२ मैलांनी मोटार पळवून विक्रम केला आणि त्याच वर्षी लाँग आयलंडवर व्हँडरबिल्ट चषकाच्या शर्यती सुरू केल्या. त्या भरायच्या गावच्या नेहमीच्या रस्त्यांवर. धूळ उडू नये म्हणून मातीवर तेल शिंपडायचे आणि लोक थेट रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहायचे. १९०६ च्या शर्यतीत एक प्रेक्षक गाडीखाली सापडून मेला. तेव्हा व्हँडरबिल्टनं ठरवलं, की मोटारींना स्वतःचा रस्ता हवा, ज्यावर घोडागाडी येणार नाही आणि माणूस आडवा जाणार नाही.

जून १९०८ मध्ये कामाला सुरुवात झाली आणि ऑक्टोबरात पहिल्या दहाएक मैलांवर गाड्या धावल्यासुद्धा. रुंदी जेमतेम २२ फूट. पृष्ठभाग काँक्रीटचा. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून बाहेरची कड उचललेली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, दुसरा कुठलाही रस्ता याला समपातळीवर छेदत नव्हता. जिथं गाठ पडेल तिथं पूल. असे ६५ पूल बांधले. त्यातले काही तर शेतकऱ्याला या शेतातून त्या शेतात जनावरं नेता यावीत एवढ्यासाठी होते! कंपनी खासगी होती, सक्तीनं जमीन घ्यायचा अधिकार तिला नव्हता. ज्यानं जमीन दिली त्याच्या रानातून रस्ता गेला, ज्यानं नाही दिली त्याला वळसा घालून गेला. नकाशावर तो इतका वाकडातिकडा दिसतो तो त्यामुळे. मला त्या वळणांचं फार अप्रूप आहे. कुणाचा होकार होता नि कुणाचा नकार, ते जमिनीवरच लिहून ठेवलेलं होतं.

पुढं हा रस्ता न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागापासून बेटावरच्या रॉन्कोन्कोमा तलावापर्यंत सुमारे ४५ मैल झाला. आत शिरायचं तर नाक्यावर टोल भरायचा, सुरुवातीला दोन डॉलर. त्या काळी सामान्य माणसाची ती दिवसभराची मजुरी होती. टोलनाके म्हणजे छोटे टुमदार बंगलेच. जॉन रसेल पोप या वास्तुविशारदानं त्यातले काही रेखाटले, ज्यानं पुढं वॉशिंग्टनचं जेफरसन स्मारक रेखाटलं. नाकेदार बायकामुलांसह तिथंच राहायचा. रात्री कुणी मोटारवाला आला तरी टोल घ्यायला उठायचा.

शर्यती मात्र फार वर्षं टिकल्या नाहीत. १९१० च्या शर्यतीत दोन मेकॅनिक ठार झाले, कितीतरी लोक जखमी झाले आणि लाँग आयलंडवरच्या चषकाच्या शर्यती थांबल्या. रस्ता त्यानंतरही चालू राहिला. पण ज्या ऑक्टोबरात तो खुला झाला त्याच महिन्यात फोर्डची मॉडेल टी बाजारात आली होती. मोटार हळूहळू शिक्षकाच्या, दुकानदाराच्या दारात आली. गाड्या वाढल्या, वेग वाढला आणि २२ फुटांचा रस्ता अपुरा पडायला लागला. मग रॉबर्ट मोझेस या बड्या अधिकाऱ्यानं शेजारून नॉर्दर्न स्टेट पार्कवे काढला. रुंद, नवा आणि फुकट. व्हँडरबिल्टनं टोल चाळीस सेंटपर्यंत खाली आणला, पण फुकटाशी कोण स्पर्धा करणार? १९३८ च्या ईस्टर रविवारी रस्ता बंद झाला आणि सुमारे ८०,००० डॉलरच्या थकलेल्या करापोटी सरकारजमा झाला.

श्रोतेहो, माझं दुखणं इथून सुरू होतं. हा रस्ता कुणी एका दिवसात पाडला नाही. तो वाटला गेला. क्वीन्सचा तुकडा न्यूयॉर्क शहराकडे, मधला नासाऊ काउंटीकडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याकडे, पूर्वेचा सफोक काउंटीकडे. सफोकनं आपल्या वाट्यातला बराचसा भाग साधा गावरस्ता म्हणून वापरात ठेवला. रुंदीकरण झालं, डांबर पडलं, तरी मोटर पार्कवे हे नाव आणि जुनी वळणं तिथं आजही आहेत. क्वीन्समध्ये कनिंगहॅम पार्क ते ॲली पाँड पार्क एवढ्या अडीचएक मैलांवर १९३८ सालीच सायकलींचा मार्ग केला. म्हणून तिथले जुने काँक्रीटचे पूल वाचले आणि २००२ साली हा भाग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत गेला.

नासाऊत मात्र वाताहत झाली. महायुद्धानंतर घरांची प्रचंड मागणी आली, बटाट्याच्या शेतांवर लेव्हिटाऊनसारख्या वसाहती उठल्या. रस्त्याच्या पट्ट्यातून कुठं विजेच्या तारा गेल्या, कुठं परसबागा पुढं सरकल्या. पुलाखालून जाणारा रस्ता रुंद करायचा म्हणून पूल काढले. काही टोलनाके राहती घरं झाले. गार्डन सिटीचा नाका १९८९ मध्ये उचलून दुसऱ्या जागी नेला, तिथं आता व्यापाऱ्यांच्या मंडळाचं कार्यालय आहे. इमारत वाचली ही चांगलीच गोष्ट झाली. पण ज्या रस्त्यावर तो टोल घेत होता, तो रस्ता आता त्याच्यासमोर नाही.

यात खलनायक शोधू गेलं तर सापडत नाही, आणि मला हेच जास्त त्रास देतं. घरमालकाला चार फूट अंगण हवं होतं, काउंटीला रुंद रस्ता हवा होता, वीज कंपनीला सरळ पट्टा हवा होता. प्रत्येकाची गरज खरी होती. फक्त ४५ मैलांची एक सलग वस्तू म्हणून त्याच्याकडे पाहण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. बोरघाटातला १८३० सालचा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला, तो टाळेबंदीत एक्स्प्रेस वेवर गाड्या नव्हत्या तेव्हा. वाहतुकीची अडचण खोटी नव्हती. निदान पूल गेल्याचं सगळ्यांना कळलं तरी. नासाऊतला रस्ता कधी गेला, ते तिथल्या पिढ्यांना कळलंही नाही.

क्वीन्समध्ये आणि नासाऊतल्या हिक्सव्हिलच्या आसपास आपली मराठी माणसंही राहतात. हा कार्यक्रम तुमच्यापर्यंत पोचत असेल, तर एक विनंती आहे. परसात, कुंपणाशी, झाडीत गुडघ्याएवढे काँक्रीटचे जुने खांब ओळीनं उभे दिसले तर ते त्या रस्त्याच्या कठड्याचे असू शकतात. उपटून टाकू नका. फोटो काढा, जागा नीट लिहून ठेवा आणि तुमच्या गावाच्या इतिहासकाराला कळवा. न्यूयॉर्क राज्यात १९१९ च्या कायद्यानं प्रत्येक गावाला अधिकृत इतिहासकार नेमावा लागतो. त्याचं नाव गावाच्या कार्यालयात मिळेल.

नमस्कार.