संपर्क म्हणजे नक्की किती अंतर?

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘संपर्क-नकाशावरून प्रथिनाची घडी’, म्हणजे साखळीचे कुठले भाग एकमेकांजवळ येतात याच्या तक्त्यावरून प्रथिनाचा आकार. तो येईलच. पण आधी एक तक्रार. ती ऐकून घ्यायला तयार असलेली इतकी माणसं एका खोलीत रोज मिळत नाहीत.

‘या दोन रेसिड्यूंमध्ये संपर्क आढळला’ असं लेखात ठणकावून लिहिलेलं असतं (रेसिड्यू म्हणजे प्रथिनाच्या साखळीतलं एकेक अमिनो आम्ल) आणि किती अंतराच्या आत संपर्क म्हणायचं त्या मर्यादेचा, म्हणजे कटऑफचा, पत्ता नसतो. पुरवणीत जाऊन शोधावं, तर तिथे ‘नेहमीची पद्धत वापरली’. नेहमीची म्हणजे कुणाची? रेसिड्यूचा कण्यावरचा कार्बन म्हणजे सी-अल्फा, आणि त्यातून बाजूला फुटणाऱ्या फांदीचा, म्हणजे साइड चेनचा, पहिला कार्बन सी-बीटा. काही जण सी-अल्फा ते सी-अल्फा आठ अँगस्ट्रॉम धरतात (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, पुढची सगळी अंतरं त्यातच). काही सी-बीटा ते सी-बीटा आठ धरतात. ग्लायसीनला सी-बीटा नसतोच, मग तिथे सी-अल्फावर भागवतात किंवा पाठकण्याच्या तीन अणूंवरून काल्पनिक सी-बीटा बसवतात. आणि काही जण हायड्रोजन वगळून कुठलेही दोन अणू साडेचारच्या आत आले की संपर्क म्हणतात. ही तिन्ही माणसं एकाच फाइलवरून तीन वेगळ्या याद्या काढतात आणि तिघंही बरोबर असतात.

फरक कुठे पडतो बघा. अल्फा-हेलिक्समध्ये, म्हणजे साखळीच्या मळसूत्री वळणात, एक सोडून पुढचा रेसिड्यू घ्या. सी-अल्फांमधलं अंतर साधारण साडेपाच, म्हणजे आठच्या नियमात संपर्क पक्का. पण त्यांच्या साइड चेन जवळजवळ उलट दिशांना तोंड करून असतात, एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत. उलट बाजूने लायसीन आणि ग्लुटामेट घ्या. सी-अल्फा दहा-अकरावर, पण लांब साइड चेनची टोकं तीनवर येऊन क्षारसेतू, म्हणजे विरुद्ध विद्युतभारांची जोडी, जुळलेला. आठचा नियम तो सेतू सरळ गाळतो. घडीचा ढोबळ आराखडा हवा असेल तर सी-बीटा वापरा. कोण कुणाला धरून आहे ते हवं असेल तर अणू मोजा. क्षारसेतूला आम्लाचा ऑक्सिजन आणि अल्काचा नायट्रोजन चारच्या आत. डायसल्फाइडला, म्हणजे दोन सिस्टीनांमधल्या गंधक-गंधक बंधाला, दोन गंधकं दोनच्या थोडं वर.

आता माझा लाडका मुद्दा. १९६३ साली मद्रासला रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी जो नकाशा काढला, तो सगळ्यांना फाय-साय या कण्याच्या वळणकोनांमुळे ठाऊक आहे. त्याच्या मुळाशी मात्र अंतरांचा तक्ता आहे: कुठले दोन अणू किती जवळ येऊ शकतात. कार्बन-कार्बनसाठी सामान्य मर्यादा ३.२ आणि टोकाची ३.०. दोन आकडे! त्यांचा प्रश्न आपल्या उलटा होता, ‘किती जवळ चालेल’ हा. आपण विचारतो ‘किती लांब चालेल’. पण एका रेषेवर भरवसा ठेवायचा नाही, ही शिस्त तिथलीच. आपण ४.५ लिहितो, ४.४९ ला हो म्हणतो, ४.५१ ला नाही. पीडीबी या प्रथिन-रचनांच्या सार्वजनिक साठ्यातल्या फाइलमध्ये अणूंचे निर्देशांक दशांशानंतर तीन अंक छापलेले असतात म्हणून ते तितके खरे वाटतात. तीन अँगस्ट्रॉम रिझोल्यूशनच्या, म्हणजे जरा धूसर, रचनेत साइड चेनच्या टोकाचा पहिला अंकसुद्धा डळमळीत असतो. म्हणून गणना ४.० ला एकदा करा आणि ५.० ला एकदा. दोन्हींत टिकला तो संपर्क. फक्त दुसऱ्यात आला त्यापुढे खूण करा.

कटऑफवर एवढं भांडून झालं तरी खरा घोळ बहुतेक वेळा कटऑफमध्ये नसतोच. तो फाइल वाचण्यात असतो. त्यासाठी इन्सुलिन घेऊ, कारण ते लहान आहे आणि इथे बसलेल्या बऱ्याच घरांच्या फ्रिजमध्ये आहे. (हसू नका, आपल्याकडे खोटं नाही ते.) स्फटिकशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने १९६९ मध्ये त्याची रचना सोडवली, आपले एम. विजयन त्या गटात होते. आज डुकराच्या इन्सुलिनची ४-आयएनएस ही दीड अँगस्ट्रॉमची फाइल कुणीही उतरवून घेऊ शकतं. तिच्यात ए, बी, सी, डी अशा चार चेन (साखळ्या), म्हणजे इन्सुलिनचे दोन रेणू. ए २१ रेसिड्यूंची, बी ३० ची, सी-डी त्यांच्याच जुळ्या. प्रत्येक रेणूत तीन डायसल्फाइड: ए-६ ते ए-११, ए-७ ते बी-७, ए-२० ते बी-१९.

आता एक सरळसाधी स्क्रिप्ट चालवा, जिच्यात रेसिड्यूची ओळख म्हणजे फक्त त्याचा क्रमांक. चेनचं अक्षर बाविसाव्या रकान्यात असतं, ते वाचलंच नाही. चारही चेनमधले सात क्रमांकाचे रेसिड्यू एकाच खात्यात गेले. ए-७ आणि बी-७ चा बंध? स्वतःचा स्वतःशी संपर्क म्हणून गळाला. ए-२० आणि बी-१९? क्रमांकांत एकाचा फरक, म्हणजे ‘साखळीतले शेजारी’, तेही गळाले. उरला ए-६ ते ए-११. तो खराखुरा एकाच चेनमधला, पण फरक पाचाचा, आणि आपण प्रथेप्रमाणे सहापेक्षा कमी फरक असलेल्या जोड्या टाकून देतो. पंगतीत शेजारी बसलेल्यांची ओळख आहे यात काय शोध, या न्यायाने. म्हणजे अख्ख्या रेणूतले सगळ्यांत घट्ट तीन बंध, दोन अँगस्ट्रॉमचे, सहसंयुजी, नकाशात एकही नाही. प्रोग्रॅमने एकदाही चूक दाखवली नाही. आलेख सुरेख आला.

म्हणून ओळख चार गोष्टींची ठेवा: मॉडेल, चेन, क्रमांक आणि सत्ताविसाव्या रकान्यातलं इन्सर्शन अक्षर. अँटिबॉडीत ५२ नंतर ५२-ए येतो, तिथे हे अक्षर नसेल तर दोन रेसिड्यू एकमेकांवर चढतात. आणि ‘सहाचा फरक’ हा नियम फक्त एकाच चेनमध्ये लावा.

इन्सुलिन अजून संपलेलं नाही. फाइलमध्ये दोन जस्ताचे अणू आहेत. एकेकाच्या भोवतीची अंतरं काढलीत तर प्रत्येकाला एकच हिस्टिडीन भेटेल, बी-१० किंवा डी-१०, सुमारे दोन अँगस्ट्रॉमवर. बाकीचे दोन कुठे गेले? ते स्फटिकातल्या सममितीने येतात. फाइलमध्ये फक्त किमान भाग दिलेला असतो. या स्फटिकातली पूर्ण जुळणी सहा रेणूंची, जस्त तीनपदरी अक्षावर. तेव्हा जैविक जुळणीची, म्हणजे सममितीच्या प्रती जोडून पूर्ण केलेली, फाइल घ्या. ती जुन्या फॉरमॅटमध्ये घेतलीत तर तिन्ही प्रती मॉडेल १, २, ३ म्हणून येतात, आणि एनएमआरची (तिच्या फाइलीत एकाच रेणूची अनेक मॉडेलं असतात) सवय झालेला प्रोग्रॅम पहिलं मॉडेल उचलतो, बाकीची दोन टाकतो. पुन्हा एकच हिस्टिडीन! नव्या एमएमसीआयएफ फॉरमॅटमध्ये घेतलीत तर चेनना वेगळी नावं मिळतात, ते बरं. पण तिथे जस्त अक्षावर असल्यामुळे तीनदा, त्याच जागी छापलेलं सापडतं. अंतर शून्य. मग कुणीतरी ‘जस्त-जस्त संपर्क’ जाहीर करतो. एकाच मूलद्रव्याचे अणू अर्ध्या अँगस्ट्रॉमच्या आत आले तर एकच ठेवा.

बाकीच्या सफाईवरून घाईने जातो. सतराव्या रकान्यातलं पर्यायी स्थान: ए आणि बी दोन्ही घेतलेत तर साइड चेन स्वतःच्याच दुसऱ्या रूपाला भिडते. सेलेनोमेथिओनीन, म्हणजे गंधकाऐवजी सेलेनियम असलेलं मेथिओनीन, हेटॅटममध्ये असतं, म्हणजे पाण्यासारख्या इतर अणूंच्या ओळींत. पाणी काढताना सगळं हेटॅटम काढलंत तर मेथिओनीनही गेलं. फाइलच्या सुरुवातीच्या रिमार्क ४६५ मध्ये न दिसलेले रेसिड्यू आणि ४७० मध्ये न दिसलेले अणू लिहिलेले असतात. तिथे संपर्क ‘नाही’ असं लिहू नका, ‘माहीत नाही’ असं लिहा. अस्पॅरॅजीन-ग्लुटामीनच्या टोकाला ऑक्सिजन कुठला, नायट्रोजन कुठला हे इलेक्ट्रॉन-घनतेवरून कळत नाही. हायड्रोजन बंध मोजण्याआधी रिड्यूस या प्रोग्रॅममधून ती टोकं तपासून घ्या. मोठ्या रचनेत सगळ्या जोड्या मोजत बसू नका. कटऑफएवढ्या चौकोनी खोल्या पाडा आणि अणूने स्वतःची आणि आजूबाजूच्या खोल्या धरून २७ बघाव्यात. बायोपायथॉन या पायथॉन-संचातला नेबरसर्च असंच काम झाडावर (केडी-ट्रीवर) करतो.

संपर्काची किंमत किती, याचं इन्सुलिनमध्येच उत्तर आहे. दोन रेणू बी चेनच्या २४ ते २६ या पट्ट्यांवर उलटसुलट बसून जोडी बनवतात, आणि बी-२८ चं प्रोलीन समोरच्या रेणूच्या बी-२३ ग्लायसीनला टेकलेलं असतं. बी-२८ आणि बी-२९ ची अदलाबदल केली की हा टेकू सुटतो, जोडी सैल होते आणि टोचलेलं इन्सुलिन लवकर रक्तात उतरतं. हेच लिस्प्रो, अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळालेलं.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. मग छापलेला विषय.

नकाशाच्या दोन्ही अक्षांवर रेसिड्यूंचे क्रमांक, संपर्क असेल तिथे ठिपका. त्यात हेलिक्स म्हणजे कर्णाला चिकटलेला जाड पट्टा. उलटसुलट पट्ट्या कर्णाला काटकोनात, समांतर पट्ट्या कर्णाला समांतर. दूरचे, २४ किंवा जास्त फरकाचे ठिपके घडी ठरवतात.

नकाशा रचनेशिवाय मिळवायचा तर एकाच कुळातल्या हजारो सीक्वेन्स (अमिनो आम्लांचे क्रम) जुळवून ठेवा आणि कुठले दोन रकाने जोडीने बदलतात ते बघा. अडचण अशी की क ला ख आणि ख ला ग चिकटलेला असेल तर क आणि ग सुद्धा जोडीने बदलताना दिसतात. थेट-युग्मन पद्धतीने हे आडवळणाचे संबंध वेगळे काढले. सीक्वेन्स कमी असतील, किंवा एकाच प्राण्याच्या जवळच्या प्रती असतील, तर आकडे फुगतात. म्हणून ८० टक्क्यांवर सारख्या असलेल्या सीक्वेन्सचं वजन कमी करतात. आणि भाकीत केलेला संपर्क रचनेत वीसवर दिसला तर लगेच चूक म्हणू नका. तो एकाच प्रथिनाच्या दोन प्रतींमधला असू शकतो. जैविक जुळणी उघडून बघा.

२०१८ च्या कॅस्प या रचना-भाकिताच्या स्पर्धेत अल्फाफोल्ड या प्रोग्रॅमने हो-नाही सोडून अंतरांची वाटणी भाकीत केली, २०२० मध्ये थेट निर्देशांक दिले. त्या फाइलींवरही आपण संपर्क काढतो, तेव्हा शेवटचं एकच. स्फटिक-रचनेत बी-फॅक्टरच्या रकान्यात मोठा आकडा म्हणजे अणू डळमळीत. अल्फाफोल्ड त्याच रकान्यात खात्रीचा गुण लिहितो, तिथे मोठा आकडा म्हणजे उत्तम. जुनी चाळणी तशीच लावलीत तर सगळ्यांत भरवशाचा भाग फेकला जातो आणि शेपटं उरतात. सत्तरच्या खालचं वगळा. दोन डोमेनांमधला (स्वतंत्र घडीच्या भागांमधला) संपर्क असेल तर पीएईची, म्हणजे आपसातल्या जागेतल्या अंदाजित चुकीची, फाइलही उघडा. एकेक डोमेन नव्वदचं असलं तरी त्यांची आपसातली मांडणी निव्वळ अंदाज असू शकते.

प्रश्न बाहेर चहाजवळ घेऊ. पुढच्या वक्त्या दारात उभ्या आहेत.