खडा काढा, ग्रंथी राहू द्या

(दृश्य: जबड्याखालची सूज, बाजूने)

जेवायला बसलं, पहिला घास तोंडात गेला, की जबड्याखाली एका बाजूला टणक गोळा वर येतो आणि ठणका लागतो. तास-दोन तासांत सूज उतरते. पुढच्या जेवणाला पुन्हा तेच. कुणी दाढ दाखवून येतं, कुणाला गालगुंड वाटतं. पण सूज घासाबरोबर येत असेल आणि जेवणानंतर ओसरत असेल, तर पहिला संशय लाळेच्या नलिकेवर घ्यायला हवा.

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात : कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. लाळेत खडे होतात, त्यांतले दहापैकी आठ किंवा त्याहून जास्त जबड्याखालच्या ग्रंथीचे. या ग्रंथीची लाळ दाट, तिच्यात कॅल्शियमही जास्त. शिवाय सुमारे ५ सेंटीमीटरची नलिका चढून तिला जिभेखाली यायचं असतं, आणि तिथलं तोंड जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. लाळ साचते, क्षारांचे थर चढतात, खडा तयार होतो.

यावर वर्षानुवर्षं ठरलेला उपाय होता : खडा आत खोल असेल, तर ग्रंथीच काढायची. त्यासाठी मानेवर छेद. खालचा ओठ हलवणारी नस तिथून जवळच जाते. कानापुढच्या ग्रंथीतून तर चेहऱ्याची मुख्य नसच जाते. एवढ्याशा खड्यासाठी एवढी जोखीम, हे खटकणारंच होतं.

१९९०च्या दशकात युरोपातल्या आणि इस्रायलमधल्या शल्यचिकित्सकांनी थेट नलिकेतच दुर्बीण घालायला सुरुवात केली. या तंत्राला सियालएंडोस्कोपी म्हणतात. दुर्बिणीची जाडी साधारण ०.८ ते १.६ मिलिमीटर, म्हणजे पेनाच्या रिफिलपेक्षाही बारीक.

(दृश्य: जिभेखालचा भाग, जवळून)

खरी कसोटी नलिकेचं तोंड सापडण्यात आहे. डॉक्टर बाहेरून ग्रंथी हलकेच दाबतात. जिभेखाली लाळेचा थेंब जिथे उमटतो, तिथे ते तोंड असतं. मग आधी अगदी बारीक, नंतर थोडी जाड, अशा सळ्या फिरवत ते रुंद करायचं. इथे घाई केली तर नलिका फाटते. दुर्बीण आत गेली की सलाइनची धार चालू ठेवतात, कारण पाण्याशिवाय नलिकेच्या भिंती एकमेकींना चिकटतात. पडद्यावर ओलसर, फिकट गुलाबी भिंत दिसते, पुढे फाटे फुटतात आणि एका वळणावर पिवळसर खडा अडकलेला दिसतो.

मिटलेली तारेची जाळी खड्याच्या पलीकडे न्यायची, तिथे उघडायची, खडा आत आला की मिटायची आणि हळूहळू ओढून आणायचं. खडा ३-४ मिलिमीटरपेक्षा लहान आणि सुटा असेल, तर हे सहसा जमतं. मोठा खडा जाळीत धरला, तर जाळीसकट तोच वाटेत अडकू शकतो. म्हणून सोनोग्राफीत आकार आधी बघून घेणं फार महत्त्वाचं. मोठे खडे लेझरने फोडतात, नाहीतर दुर्बिणीने जागा दाखवून तोंडाच्या आतून छोटा छेद देऊन काढतात. जिभेची नस त्या नलिकेला वळसा घालून जाते, तिला जपावं लागतं. पण मानेवर व्रण राहत नाही.

नलिका नुसती आक्रसली असेल, तर बारीक फुगा फुगवून ती रुंद करतात. थायरॉइडच्या कर्करोगासाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्यांना, तसंच गाल वारंवार सुजणाऱ्या लहान मुलांनाही नलिका आतून धुतल्याने पुष्कळदा आराम पडतो.

सगळ्यांनाच हे लागू पडत नाही. पू झाला असेल, तर आधी संसर्ग आटोक्यात आणतात. ग्रंथीच्या गाभ्यात रुतलेला खडा दुर्बिणीला दाद देत नाही. कुणाकुणाला पुन्हाही खडे होतात. पण तुंबलेली ग्रंथी म्हणजे निकामी ग्रंथी, हा जुना समज टिकलेला नाही. अडथळा गेला की पुष्कळ ग्रंथी पुन्हा लाळ देऊ लागतात, हे तपासण्यांतून दिसलं आहे.

म्हणून ग्रंथी काढायचा सल्ला मिळाला असेल, तर होकार देण्याआधी डॉक्टरांना विचारा : खडा किती मिलिमीटरचा आहे, तो नलिकेत आहे की ग्रंथीच्या आत, हलतो की रुतलेला आहे, आणि दुर्बिणीने काढणारं कुणी आहे का?