घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या! आयर्लंडचा काउंटी मॅनेजर नेमकं करतो काय?

नमस्कार मंडळी! आवाज येतोय ना नीट? मागे वॉशिंग मशीन घरघरतंय, आज त्याला इलाज नाही. का ते सांगते पुढे.

तर क्रोक पार्कचा, म्हणजे डब्लिनच्या मोठ्या स्टेडियमचा, व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय. "ताई, मैदानाच्या कडेला ती बंडी घालून येरझाऱ्या मारणारा माणूस कोण? आणि तो सारखा एवढा चिडलेला का?" बंडीवर लिहिलेलं असतं 'बॅनिश्त्योर'. आयरिश भाषेतला शब्द आहे, म्हणजे मॅनेजर. एवढं उत्तर देऊन मी मोकळी होणार होते. पण खाली एकाने लिहिलंय, "पगारच नाही तर टेन्शन कसलं? हरले तर हरले, सोमवारी ऑफिस." त्याला लाइक्सही भरपूर आहेत. ही कॉमेंट माझ्या डोक्यात गेली आहे, आजचा व्हिडिओ त्या दादांसाठी.

बेसिक पटापट उरकते, माहीत असेल त्यांनी पुढे ढकला. आयर्लंडच्या बेटावर 32 काउंटी, आपले जिल्हेच समजा. त्यातल्या 6 उत्तर आयर्लंडमध्ये आहेत, पण या खेळांना ती सीमा दिसत नाही. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग (काठीने चेंडू मारायचा) हे दोन मुख्य खेळ, बायकांच्या हर्लिंगला कमोगी म्हणतात. 15-15 जण. जाळ्यात गेला तर गोल, 3 गुण. आडव्या दांडीवरून गेला तर 1, आणि फुटबॉलमध्ये 2025 पासून गोलसमोर 40 मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून मारला तर 2. संघटनेचं नाव जीएए, 1884 साली थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली. गावोगावी क्लब, क्लबातले चांगले ते काउंटीच्या संघात. पगार कोणालाही नाही. 82,000 माणसांसमोर फायनल खेळायची आणि पुढच्या आठवड्यात कामावर. झालं बेसिक.

मॅनेजरलाही अधिकृतपणे फक्त खर्च मिळतो. आता लगेच खाली लिहाल, "ताई, काहीही! पाकीट मिळतंच की." कुजबुज आहे, वर्षानुवर्षं आहे. इतकी की 2012 मध्ये जीएएचे तेव्हाचे महासंचालक पॉरिक डफी यांनी याच विषयावर एक चर्चापत्र काढलं. कोणाला किती मिळतं ते मला विचारू नका. मला जर्सी धुवायचे पण मिळत नाहीत.

हां, तर "टेन्शन कसलं" वाले दादा. असं बघा. इंग्लंडच्या फुटबॉल क्लबाचा मॅनेजर काय करतो? गोलकीपर कच्चा आहे, नवीन विकत आणा. खेळाडू ऐकत नाही, दंड लावा, विका, नाहीतर करार संपेपर्यंत बसवून ठेवा. काउंटीच्या मॅनेजरकडे यातलं काय आहे? खेळाडू ज्या मातीतला, त्या काउंटीचा. बाजार नाही, बोली नाही. बावीस वर्षांचा तुमचा सगळ्यात चांगला पोरगा जानेवारीत फोन करतो, "मी एक वर्ष ऑस्ट्रेलियाला चाललोय." थांबवणार कसा? पगार देत नाही, त्यामुळे कापताही येत नाही. फार तर "बघ बाबा, विचार कर" म्हणायचं. हातात फक्त विनंती आहे. हे वाक्य डोक्यात ठेवा, मी परत परत त्याच्यावर येणार आहे.

यात एक गंमत आहे. खेळाडू बाहेरून आणता येत नाही, पण मॅनेजर येतो! आम्ही राहतो किल्डेअरमध्ये. सॅम मॅग्वायर चषक म्हणजे ऑल-आयर्लंडचा, सगळ्या काउंटींच्या मुख्य फुटबॉल स्पर्धेचा चषक. 1928 मध्ये तो पहिल्यांदा दिला गेला तो किल्डेअरला, आणि त्यानंतर आजतागायत पुन्हा नाही. शेजारच्या आजोबांसमोर हा विषय काढायचा नाही, मी एकदा काढला होता. तर 1990 च्या दशकात किल्डेअरने थेट केरीहून मिक ओड्वायर यांना आणलं. केरीला 8 वेळा ऑल-आयर्लंड जिंकून दिलेला माणूस. राहायचे वॉटरव्हिलला, पार नैऋत्येच्या टोकाला, समुद्राकाठी. तिथून किल्डेअर तीनशेच्या आसपास किलोमीटर, तेही तेव्हाच्या रस्त्यांवरून. सरावाला यायचं आणि परत जायचं. 1998 मध्ये त्यांनी संघ फायनलला नेला. समोर गॅलवे, त्यांचे मॅनेजर जॉन ओमाहनी, आणि ते मेयोचे! म्हणजे फायनलला दोन्ही मॅनेजर परक्या काउंटीचे. गॅलवे जिंकलं. आजोबा अजून सांगतात, आणि दर वेळी रेफ्रीचा दोष थोडा वाढलेला असतो.

आता वेळेचा हिशोब. आपल्या डोळ्यांसमोर रविवारची मॅच असते. मॅनेजरचं आयुष्य मंगळवारी रात्री असतं. ईएसआरआय नावाची इथली संशोधन संस्था आहे, त्यांचा 2018 चा अहवाल सांगतो की काउंटी खेळाडू यापायी आठवड्याला 31 तासांपर्यंत देतात. नोकरी सांभाळून! पस्तीसेक पोरं धरा. एक नर्स, त्याची नाइट शिफ्ट. एक इलेक्ट्रिशियन, साइटवरून सुटायला सात वाजतात. तिघांच्या परीक्षा. एकाच्या बहिणीचं लग्न, नेमकं चॅम्पियनशिपच्या आठवड्यात. चौघं डब्लिनला नोकरीला, तिथून एका गाडीत घुसून सरावाला येणार, मध्यरात्री परत जाणार, सकाळी पुन्हा लॅपटॉप उघडणार. आणि या सगळ्यांना एकाच मैदानावर, एकाच वेळी, पावसात, आनंदाने आणायचं. हुकूम देऊन? नाही. विनंती करून.

2022 मध्ये तर खेळाडूंच्या संघटनेचा आणि जीएएचा यावरून खटका उडाला, की आठवड्यात किती सरावांचा प्रवासखर्च द्यायचा. जीएए म्हणत होती चार. खेळाडूंनी मुलाखती देणं बंद केलं. "चार" ऐकूनच मला घाम फुटला. मी आठवड्यात दोनदा जिमला जाते तर स्टेटस ठेवते.

बरं, एक छोटी रँट. कॉमेंटमध्ये सगळे 'कोच' लिहिता. कोच वेगळा, मॅनेजर वेगळा! लिमरिकचा हर्लिंग संघ घ्या. 2018 ला हर्लिंगचं ऑल-आयर्लंड जिंकले, मग 2020 ते 2023 सलग चार. मॅनेजर जॉन काइली, पेशाने शाळेचे मुख्याध्यापक. मैदानावरचा सराव पॉल किनर्क घ्यायचे. मनाच्या तयारीला कॅरोलाइन करिड. याशिवाय निवडकर्ते, फिजिओ, डॉक्टर, ताकदीचा सराव घेणारा, आहार बघणारी, व्हिडिओ कापणारा, किट सांभाळणारा. या सगळ्यांना एका सुरात ठेवतो तो मॅनेजर. मांडवातल्या यजमानासारखं असतं ते. मंत्र गुरुजी म्हणतात, स्वयंपाक आचारी करतो, पण मीठ कमी पडलं की सगळे यजमानाकडे बघतात. आणि यातही किती जण शिक्षक आहेत बघा. काइली आहेतच, किलकेनीला 11 वेळा जिंकून देणारे ब्रायन कोडी शिक्षक होते, टिरोनचे आधीचे मॅनेजर मिकी हार्टही शिक्षक होते. माझा आपला अंदाज, शाळा दुपारी सुटते आणि पस्तीस जणांची हजेरी घ्यायची सवय असते.

आमच्या गल्लीतला एक जण एका काउंटीसाठी आकडे मोजतो. कुठली ते सांगत नाही, मारेल मला. दिवसा ऑफिस, आणि मॅचच्या रात्री एक-दीडपर्यंत व्हिडिओ: आपल्या गोलकीपरने मारलेला चेंडू कितीदा आपल्याच हातात आला, कितीदा त्यांच्या. 2025 ला फुटबॉलचे नियम बदलले, तेव्हा गोलकीपरचा चेंडू कमानीपार गेलाच पाहिजे असं आलं, दोन्ही अर्ध्या मैदानांत किमान तीन-तीन खेळाडू ठेवणं आलं, आणि त्याने तीन वर्षं जमवलेली सगळी गणितं एका हिवाळ्यात रद्दीत गेली. मी विचारलं, "तुला काय मिळतं रे?" म्हणाला, "जॅकेट." खरंच सांगते, जॅकेट. त्यावर काउंटीचं चिन्ह आणि त्याची आद्याक्षरं. घालतो मात्र रोज. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच, फक्त इथे भाकऱ्या भाजायला रांग लागते.

आता मशीन. मीही बॅकरूममध्ये, म्हणजे मॅनेजरच्या मदतनीसांत, आहे बरं का. लेकाच्या अंडर-इलेव्हनच्या! सुरुवात झाली "पाण्याच्या बाटल्या धराल का" पासून. मग पोलिस पडताळणी, मग मुलांच्या सुरक्षिततेचा कोर्स, मग व्हॉट्सअॅप ग्रुप, आणि मग एक दिवस 22 चिखलाच्या जर्सींची पिशवी माझ्या दारात. पहिल्यांदा धुतल्या तेव्हा त्यांच्यात माझी जयपूरहून आणलेली बांधणीची ओढणी राहिली. पांढऱ्या जर्सी गुलाबी झाल्या. मंडळी, अख्खा संघ गुलाबी उतरला. पोरं खूश, समोरचा संघ गोंधळात, आणि आमचे मॅनेजर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "ग्रँड, ग्रँड." इथे 'ग्रँड' म्हणजे ठीक आहे, किंवा अजिबात ठीक नाही. रागावणार कसे? मी फुकट धुते. मला काढून टाकलं तर जर्सी कोण धुणार? तेव्हा मला ती "हातात फक्त विनंती" गोष्ट पहिल्यांदा कळली.

आणि आता सगळ्यात अवघड भाग. 26. मॅचच्या यादीत 26 जणांनाच जागा. सरावाला पस्तीस-छत्तीस. म्हणजे दर मॅचला नऊ-दहा जणांना सांगायचं, तू नाहीस. लक्षात घ्या, हा पोरगा नोव्हेंबर-डिसेंबरपासून अंधारात पळालाय, मित्रांच्या पार्ट्या सोडल्यात, मैत्रीण वैतागली आहे, बॉससमोर हात जोडून शिफ्ट बदलून घेतली आहे. त्याबदल्यात त्याला एकच गोष्ट हवी होती, तो शर्ट. आणि तो तुम्ही देत नाही. पगारी खेळाडूला बाहेर बसवलं तर त्याला पगार तरी मिळतो. याला काय मिळतं? मंगळवारी परत ये, आणि जे 26 त आहेत त्यांना सराव द्यायला जिवापाड पळ. हे त्याला सांगायचं, आणि तो आला पाहिजे! दादा, इथे असतं टेन्शन. पगार नाही म्हणूनच असतं.

बरं, तो पोरगा कोणी परका नसतो. त्याचे वडील क्लबाचे खजिनदार असतात, आई तुमच्या मुलीची टीचर असते. दुसऱ्या दिवशी दुकानात दुधाच्या फ्रिजसमोर भेट ठरलेली. इंग्लंडचा मॅनेजर काचा काळ्या असलेल्या गाडीतून निघून जातो, हा ट्रॉली ढकलत रांगेत उभा राहतो.

मॅनेजरचीही 26 ची यादी असतेच म्हणा, त्यालाही कोणीतरी "तू नाहीस" म्हणू शकतं. आर्माचे किअरन मॅगीनी बघा. 2022 ते 2024 या तीन हंगामांत संघ चार वेळा पेनल्टीवर हरला. चार! त्यातल्या तिसऱ्या पराभवानंतर, 2023 मध्ये, त्यांना ठेवायचं की नाही यावर क्लबांच्या प्रतिनिधींनी मतदान केलं. त्या खोलीत बसलेली माणसं म्हणजे यांची ओळखीपाळखीचीच. टिकले. आणि जुलै 2024 मध्ये गॅलवेला एका गुणाने हरवून ऑल-आयर्लंड जिंकले. आर्माचा त्याआधीचा एकमेव विजय 2002 चा, आणि तेव्हा कप्तान हेच मॅगीनी.

बायकांच्या संघांबद्दल दोघी-तिघींनी विचारलंय. त्यांच्या संघटना वेगळ्या आहेत, एकत्रीकरणाचं काम चालू आहे. त्यांच्या मॅनेजरचं काम तेवढंच, फक्त फिजिओ, जेवण, मैदान, प्रवासखर्च या प्रत्येकासाठी जास्त भांडायचं. 2023 मध्ये खेळाडूंनी यावरून निषेध केला. आणि कमोगीत तर मे 2025 पर्यंत स्कॉर्ट, म्हणजे वरून स्कर्ट दिसणारी शॉर्ट्स, सक्तीचा होता. साध्या शॉर्ट्सही चालतील हे ठरवायला विशेष अधिवेशन भरवावं लागलं! यावर स्वतंत्र व्हिडिओ करेन, आत्ता बोलले तर मशीनपेक्षा माझाच आवाज चढेल.

शेवटचा किस्सा, किल्डेअरचा, माझा लाडका. जून 2018. मेयोविरुद्धची मॅच किल्डेअरच्या घरच्या मैदानावर, न्यूब्रिजला, असं सोडतीत निघालं. जीएए म्हणाली, मैदान लहान आहे, क्रोक पार्कला खेळा. तेव्हाचे मॅनेजर कीअन ओनील संध्याकाळच्या बातम्यांत जाऊन बसले आणि म्हणाले, आम्ही शनिवारी संध्याकाळी सातला न्यूब्रिजलाच असू. 'न्यूब्रिज ऑर नोव्हेअर' हे वाक्य गावभर झालं. जीएएला माघार घ्यावी लागली, आणि किल्डेअरने मेयोला हरवलं, 21 विरुद्ध 19. त्यांना यात काय मिळणार होतं? मॅच हरले असते तर अख्ख्या काउंटीने धुतलं असतं. पण त्या आठवड्यात त्या पस्तीस पोरांना एकदा दिसलं, की आपल्याला सारखं "ये ना रे" म्हणणारा माणूस आपल्यासाठी वरच्यांना "येत नाही" म्हणतो. ती पोरं पुढच्या मंगळवारी सरावाला आली नसती का?

ऐका, मशीन थांबलं. उद्या सकाळी दहाला मॅच आहे आणि बाहेर पाऊस, म्हणजे 22 जर्सी रेडिएटरवर वाळवायच्या. पुढच्या वेळी हर्लिंगचं हेल्मेट, खूप जणांनी मागितलंय. थांबा, आधी बघू द्या... नाही, नाहीये. ओढणी नाहीये आत. एक मोजा आहे लाल.