भिंतीला एकच भोक

(गिरगाव, चाळीची गच्ची.)

वर बघा. या काळ्या वायरी नव्वदच्या दशकात केबल टीव्हीसाठी लटकल्या. मग त्याच वाटेनं इंटरनेट आलं. इमारतीवरून इमारतीवर, मध्ये आंब्याच्या फांदीला गाठ. पावसाळ्यात फांदी मोडली की खालच्या घरांतली ऑफिसची मीटिंग अर्ध्यावर.

(हात, अगदी जवळून.)

हा फायबरचा, म्हणजे प्रकाशातून इंटरनेट नेणाऱ्या काचेच्या धाग्याचा जोड. आवरण सोललं, स्पिरिटनं पुसलं, क्लीव्हरनं टोक सरळ कापलं. उरली काच, १२५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीची. प्रकाश जातो तो गाभा तर जेमतेम ९ मायक्रॉनचा. वर छत्री धरलीय ती उन्हासाठी नाही, धूळ बसू नये म्हणून. दोन टोकं स्प्लाइसर या जोडयंत्रात समोरासमोर येतात, बारीक ठिणगी पडते, काच वितळून एक होते. यंत्राच्या पडद्यावर ०.०२ डीबी, म्हणजे जोडात प्रकाश जवळजवळ वाया जात नाही. "बसला," जोड लावणारे दादा म्हणतात, आणि पुढच्या रंगाचा धागा उचलतात.

(वर्सोव्याचा किनारा.)

१८७० साली समुद्राखालून तारायंत्राची केबल मुंबईला पोचली. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. आज जगाकडून येणाऱ्या काचेच्या केबल याच वाळूखालून शहरात शिरतात. अख्खा समुद्र पार झाला, अडलंय ते घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात, जिन्याशी.

(खोदलेला रस्ता.)

खरा पैसा जातो इथं, खड्ड्यात. काच त्यामानानं स्वस्त. आणि एकदा पुरली की वेग वाढवायला ती उकरावी लागत नाही. आज जीपॉनवर, म्हणजे एकच धागा अनेक घरांत वाटायच्या पद्धतीत, एका धाग्यातून सेकंदाला अडीच गिगाबिट येतात, ते साधारण ३२ घरांत वाटले जातात. दोन्ही टोकांची यंत्रं बदलली की त्याच धाग्यावर १० गिगाबिट. तांब्याला हे जमत नाही. अंतर वाढलं की त्याचा वेग ढेपाळतो. मुंबईचे रस्ते काँक्रीटचे होतायत. ओतायच्या आधी एक रिकामा पाइप टाकायला कितीसं लागतं? नंतर तेच काँक्रीट फोडायला लागतं.

वस्तीच्या बोळात पाइप कुठून न्यायचा, भाडं कुणाला परवडेल, हे प्रश्न आहेतच.

(खोली. देव्हाऱ्याशेजारी इंटरनेटची पांढरी डबी, हिरवा दिवा.)

"बाळा, परत भिंतीला भोक नाही ना पाडणार?"

"नाही आजी. आता फक्त डबी बदलायची."