शाळा मंडळाच्या उमेदवार : बेझंटबाई

बेझंटबाई म्हटलं की आपल्याला १९१६ साल आठवतं. होमरूल, लोकमान्य, आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या काँग्रेसचं अध्यक्षपद. आज मला बोलायचंय ते त्याच्या २८ वर्षं आधीच्या बाईंबद्दल. नोव्हेंबर १८८८, लंडनचा पूर्व भाग, टॉवर हॅम्लेट्स मतदारसंघ. एक्केचाळीस वर्षांच्या अ‍ॅनी बेझंट तिथून लंडन शाळा मंडळाच्या निवडणुकीला उभ्या होत्या. केसांत लाल फीत बांधून सभांना जायच्या.

हे शाळा मंडळ म्हणजे काय, ते आधी पाहू. १८७० च्या कायद्याने इंग्लंडमध्ये अशी मंडळं आली. कर लावून शाळा बांधायच्या, चालवायच्या, आणि हे करणारी माणसं लोकांनी दर तीन वर्षांनी निवडायची. पार्लमेंटसाठी इंग्लंडच्या बायकांना पहिल्यांदा मत मिळालं ते १९१८ साली, तेही सगळ्यांना नाही. शाळा मंडळासाठी मात्र स्त्रीला पहिल्या दिवसापासून उभं राहता येत होतं. कर भरणाऱ्या स्त्रीला मतही देता येत होतं. लंडनच्या पहिल्याच निवडणुकीत एलिझाबेथ गॅरेट या डॉक्टरबाई ४७,८५८ मतं घेऊन निवडून आल्या. शहरात कुठल्याही पुरुष उमेदवाराला तेवढी मतं पडली नव्हती.

मतदानाची रीतही वेगळी होती. मतदारसंघात जितक्या जागा, तितकी मतं प्रत्येकाच्या हातात. ती वाटून द्या, नाहीतर सगळी एकाच्याच पारड्यात टाका. त्यामुळे संख्येने थोड्या पण ठाम लोकांनाही आपला माणूस मंडळात पाठवता येई. माझं स्पष्ट मत आहे की बेझंटबाईंसारखी उमेदवार उभी राहण्याचं धाडस करू शकली, त्यात या रीतीचा मोठा वाटा होता. कारण त्यांची पार्श्वभूमी! उमेदवाराबद्दल विरोधकाला जे जे हवं असतं, ते सगळं तिच्यात होतं.

वीस वर्षांच्या असताना त्यांचं एका पाद्र्याशी लग्न झालं. दोन मुलं झाली. त्यांची श्रद्धा उडाली, ते त्यांनी लपवलं नाही, आणि १८७३ मध्ये त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. मग चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्याबरोबर नास्तिकांच्या चळवळीत पडल्या. १८७७ मध्ये दोघांनी संततिनियमनावरची एक जुनी पुस्तिका पुन्हा छापली. खटला झाला, सहा महिन्यांची शिक्षा झाली, ती पुढे तांत्रिक मुद्द्यावर रद्दही झाली. पण खरी शिक्षा नंतर आली. १८७८ मध्ये नवरा कोर्टात गेला. नास्तिक, त्यात असलं पुस्तक छापणारी, अशा बाईजवळ मुलगी ठेवणं योग्य नाही, असं कोर्टाने ठरवलं आणि मेबल आईच्या हातून गेली. तिला आठवं वर्षही पुरं झालं नव्हतं.

तर अशी ही बाई दहा वर्षांनी मुलांच्या शिक्षणासाठी मतं मागत होती. स्टेपनीच्या पाद्र्याने तिच्याविरुद्ध मतदारांत पत्रक वाटलं. पुढे बाईंनी त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला.

पण पूर्व लंडन बाईंना पत्रकांतून ओळखत नव्हतं. त्याच उन्हाळ्यात बो भागातल्या ब्रायंट अँड मे काड्यापेटी कारखान्यातल्या पोरींची दैन्यावस्था त्यांनी छापून आणली होती. पाय मळके दिसले, बाकाखाली कचरा राहिला, तर तुटपुंज्या पगारातून तीन पेन्स दंड. जुलैत सुमारे १,४०० बायका-मुलींनी काम थांबवलं आणि संप जिंकला. काड्यांच्या डब्या चिकटवायचं काम तर घराघरांत चाले. १४४ डब्यांना सव्वादोन-अडीच पेन्स, आणि हाताखाली घरातली लहान पोरं. मला थांबून विचार करावासा वाटतो तो इथे. ज्या घरात ही पोरं खळ लावत बसायची, त्याच घरातून शाळेच्या फीचे पेन्सही आठवड्याला द्यायचे होते. त्यामुळे शाळेत उपाशी मुलांना जेवण मिळालं पाहिजे, फी गेली पाहिजे, हे बाई सभेत बोलल्या की ते समोरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

निकाल लागला. बेझंटबाई १५ हजारांहून अधिक मतं घेऊन टॉवर हॅम्लेट्समध्ये पहिल्या आल्या. त्यानंतर त्यांनी ‘नॅशनल रिफॉर्मर’ पत्रात जे लिहिलं, त्याचा आशय असा : दहा वर्षांपूर्वी एका क्रूर कायद्याने माझं लेकरू हिरावून नेलं, आणि आज लंडनच्या ७,६३,६८० मुलांची काळजी काही अंशी माझ्या हाती सोपवली गेली आहे. आकडा त्यांनी अगदी शेवटच्या शून्यापर्यंत लिहिलाय. मोठी सभा जिंकलेल्या वक्त्याचं हे लिहिणं नाही. एकेक मूल मोजल्यासारखा तो आकडा आहे.

त्या तीन वर्षं मंडळावर होत्या. मंडळाचं काम घेणाऱ्या ठेकेदाराने मजुरांना योग्य वेतन दिलंच पाहिजे, हा ठराव १८८९ मध्ये झाला, त्यामागे त्यांचा आग्रह होता. प्राथमिक शाळांची फी १८९१ च्या कायद्याने बहुतेक ठिकाणी गेली. शाळेतल्या जेवणाचा कायदा यायला मात्र १९०६ उजाडलं.

१८९१ मध्ये त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्या थिऑसफीकडे, म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच सत्य मानणाऱ्या अध्यात्मपंथाकडे, वळल्या होत्या. दोन वर्षांनी हिंदुस्थानात आल्या, आणि १८९८ मध्ये त्यांनी बनारसला सेंट्रल हिंदू कॉलेज काढलं.

आणि मेबल? ती आणि तिचा भाऊ, दोघंही सज्ञान झाल्यावर आपण होऊन आईकडे परत आली.