गायकवाडांचा समुद्र

[सकाळ. सूरसागर तलाव. पाण्याच्या मधोमध शंकराची मूर्ती.]

आमच्या बडोद्याला समुद्र नाही. सूरसागर आहे, पण तो बघायचा. विश्वामित्री नदी आहे, तर तिच्यात मगरी. मी स्कूबा शिकायला निघाले तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "घरच्या मगरी कमी पडल्या का गं?"

पण बडोद्याला एकेकाळी समुद्र होता. राजधानीपासून लांब, सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाला. द्वारका, बेट द्वारका, सगळं ओखामंडळ गायकवाडांच्या राज्यात होतं. दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत अजूनही कुणीतरी सांगतं, की पणजोबा ओख्याला कारकून होते.

[द्वारकेचा किनारा. भरती.]

८ नोव्हेंबर १८८८. कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली आगबोट इथे थांबली आणि आणखी उतारू घेऊन पुढे गेली. १८८५ साली बांधलेली, विजेच्या दिव्यांची बोट. लोक तिला 'वीजळी' म्हणत. कागदोपत्री नाव 'वैतरणा'. हे मुंबईच्या उत्तरेकडच्या एका नदीचं नाव; पण मराठी कानाला आधी आठवते ती यमलोकाच्या वाटेवरची वैतरणी. बारसं करणाऱ्यांना कुणी सांगितलं नसावं.

वादळ आलं. बोट मुंबईला पोचली नाही. सातशेहून जास्त माणसं गेली. ना प्रेत हाती लागलं, ना एखादं फळकूट. आजवर तिचा सांगाडाही कुणाला सापडलेला नाही. राहिलं ते 'हाजी कासम, तुझी वीजळी' म्हणणारं एक गुजराती लोकगीत.

[पाण्याखाली. हिरवट अंधार, बुडबुडे.]

बुडालेलं जहाज म्हटलं की डोळ्यांसमोर शिडं, डोलकाठी, खजिन्याची पेटी येते. उष्ण समुद्रात तसं काही शिल्लक राहत नाही. अळीसारखा दिसणारा एक शिंपला लाकूड पोखरत जातो, आणि कोमट पाण्यात त्याचं फारच फावतं. थोड्या वर्षांत वाळूवरचं लाकूड संपतं. उरतात नांगर, तोफा, खापरं आणि जहाज डुलू नये म्हणून तळाशी भरलेले दगड. म्हणून इथे बुडी मारणारा जहाज शोधत नाही, दगडांचा ढीग शोधतो. निसर्गात असा ढीग सहसा पडत नाही.

खाली दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. नाक दाबून कान मोकळे करत उतरायचं. लाल रंग सगळ्यांत आधी जातो. बोट कापलं तर रक्त काळपट-हिरवं दिसतं. टॉर्च लावला की परत लाल. कच्छच्या आखाताच्या तोंडाशी पाणी इतकं गढूळ, की कधीकधी स्वतःचा हातही अंदाजानेच ओळखायचा.

अशाच पाण्यात, बेट द्वारकेजवळ, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना रोमन अँफोऱ्यांची खापरं आणि शिशाचा नांगर मिळाला. अँफोरा म्हणजे दोन कानांचा उभा रांजण. दारू किंवा तेल भरायचा. गोव्यात मुरगावजवळच्या सुंची खडकावर तर १७व्या शतकातल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष आहेत. तोफा, हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी. आफ्रिकेतलं हस्तिदंत आणि चीनमधली बशी एकाच खडकावर फुटलेली. मला यातले पाणघोड्याचे दातच फार आवडतात. कुणीतरी ते मोजले असतील, पावती केली असेल, भावावरून घासाघीस केली असेल.

काही उचलायचं नाही, हा इथला पहिला नियम. समुद्रात शेकडो वर्षं पडलेल्या लोखंडात मीठ मुरलेलं असतं. उपाय न करता नुसतं वाळवलं की ते तडकतं. दिवाणखान्यात मांडलेली तोफ महिन्यागणिक पापुद्रे टाकते.

[बोट. टंडेल, म्हणजे बोट चालवणारा, हातात दोरी.]

वर आले तेव्हा टंडेलाने विचारलं, काय दिसलं? मी म्हटलं, चिखल. तो हसला. मी वीजळीचा विषय काढला. त्याने दक्षिणेकडे हात केला आणि जागा सांगत गेला. एक इथे, एक त्या दीपस्तंभाच्या सरळ रेषेत, दोन आणखी बाहेर.

"तिथे खाली काय आहे, काका?"

"जाळं अडकतं. तोडून टाकावं लागतं."